बाईंचे पुढचे सहा दात

आमच्या शाळेच्या ऑफिसात निरोप समारंभांचे जुने फोटो ओळीने टांगलेले आहेत. त्यातल्या सव्वीस फोटोंत बाई आहेत आणि एकातही त्यांचं तोंड दिसत नाही. कुठे हजेरीपट आडवा आलाय, कुठे रुमाल, कुठे नेमक्या त्या क्षणाला त्या शेजारणीशी बोलायला वळल्यात. सव्वीस हा आकडा मी मोजलेला नाही, त्यांनीच मला सांगितला होता. "एकदाही सापडले नाही मी त्या फोटोवाल्याला," असं म्हणाल्या होत्या, आणि ते सांगतानाही डाव्या हातातला रुमाल ओठांवर होताच.

बाई गणित शिकवायच्या. मी त्या शाळेत मराठी शिकवायला लागले तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती, मी पंचविशीतली. पहूरहून रोज एसटीने जळगावला ये-जा करायची. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "किती किलोमीटर पडतं?"

"अंदाजे चाळीस असेल."

"अंदाजे म्हणजे माहीत नाही. माहीत नाही म्हणा की, त्यात लाज कसली?"

दुसऱ्या दिवशी मी कंडक्टरला विचारून आकडा आणला. त्यांनी मान हलवली आणि तेव्हापासून मला अगं-तुगं करायला लागल्या. बाईंच्या लेखी माणूस आपला होण्याची ही रीत होती.

उंच, सावळ्या, रुंद कपाळाच्या. डोळे फार सुंदर. पण वरचे पुढचे दोन दात ओठाबाहेर आलेले आणि एकमेकांवर पाय टाकून बसल्यासारखे. शेजारचा एक त्या दाटीत मागे ढकलला गेलेला. एवढंच. पण या एवढ्याशा गोष्टीभोवती त्यांनी आपलं आख्खं आयुष्य बेतलं होतं. एका हातात खडू, दुसऱ्या हातात रुमाल. डबा खाताना तोंड कपाटाकडे. माहेर यावलकडचं, केळीच्या बागांतलं, पण केळं दातांनी तोडून खाताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. बोटांनी लहान लहान तुकडे करायच्या आणि मान वळवून गोळी घ्यावी तसे तोंडात टाकायच्या. पेरू, कणीस, ऊस या वस्तू त्यांच्या जगात नव्हत्याच.

मुलं त्यांना किसणीबाई म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा त्या नववीच्या वर्गात शिरल्या तर फळ्यावर कोणीतरी भलीमोठी किसणी काढून ठेवली होती. मी शेजारच्या वर्गात होते, तिकडे एकदम शांतता पसरली म्हणून दारातून डोकावले. बाई फळ्यासमोर उभ्या राहून चित्र बघत होत्या. मग म्हणाल्या, "भोकं सारख्या अंतरावर नाहीत. काढायचीच तर नीट काढावी." आणि पट्टी घेऊन त्यांनी उभ्या-आडव्या रेषा मारल्या, अंतरं मोजून दिली आणि त्यातून तासभर क्षेत्रफळ शिकवलं. कोणी काढली, ते विचारलंच नाही. मधल्या सुट्टीत मात्र त्यांनी डबा उघडला नाही.

याच बाई सत्तावन्नाव्या वर्षी, निवृत्तीला वर्षही उरलेलं नसताना, दातांना तारा लावून शाळेत आल्या.

त्या सोमवारी त्यांचा पहिला तास दहावीला होता. रुमाल त्यांनी पर्समध्ये टाकला, हजेरी घेतली आणि वर्गासमोर उभ्या राहून ओठ वर करून दात दाखवले. "नीट बघून घ्या. दोन मिनिटं देते. कोणाला हसायचं असेल तर याच दोन मिनिटांत. त्यानंतर वर्गसमीकरणं." आणि खरंच घड्याळाकडे बघत राहिल्या. कोणी हसलं नाही म्हणतात. दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीच्या दातांनाही तारा होत्या, तिने हळूच विचारलं, "बाई, दुखतंय का हो?" बाई म्हणाल्या, "खूप." मग त्या मुलीने त्यांना वही-दप्तर बाजूला सारून समजावून सांगितलं की पहिले चार दिवस वरण-भात कुस्करून खायचा आणि तार गालाला टोचली तर त्यावर मेण लावायचं. बाईंनी ते सगळं फळ्याच्या कोपऱ्यात टिपून घेतलं.

मुख्याध्यापक मात्र बोललेच. "आता या वयात कशाला बाई?" तर म्हणाल्या, "दात सरळ करायला वय किती लागतं, ते एखाद्या जीआरमध्ये असेल तर दाखवा, सर."

का, हे फक्त मला माहीत होतं. तेही त्यांनी सुखासुखी सांगितलं नव्हतं.

त्याच्या महिनाभर आधी एका बुधवारी त्या मला म्हणाल्या, "शाळा सुटल्यावर माझ्याबरोबर चल. कुठे ते विचारू नकोस." बसस्टँडच्या बाजूला एका दुकानावरच्या दवाखान्यात आम्ही जिना चढून गेलो. आत दातांच्या डॉक्टर म्हणून जी मुलगी बसली होती, ती बाईंना पाहून खुर्चीवरून ताडकन उभी राहिली. ही नसीम. बाईंची जुनी विद्यार्थिनी. तिचे अब्बा पिंजारी, गाद्या भरायचं दुकान. दहावीनंतर तिचं शिक्षण थांबायच्या बेतात होतं, तेव्हा बाई ओळीने चार संध्याकाळी त्या दुकानात जाऊन बसल्या होत्या. "दुकानात नुसता कापूस उडत असायचा," नसीमने मला नंतर हसत सांगितलं, "सगळ्यांच्याच तोंडाला फडकी. बाईंना तेवढं एकच घर असं मिळालं असेल जिथे त्यांच्या रुमालाकडे कोणी बघितलं नाही."

"बाई, रुमाल काढा," नसीम म्हणाली.

बाईंनी रुमाल काढला, त्याची चौघडी केली, मांडीवर ठेवली. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

नसीमने हिरड्या तपासल्या, एक्स-रे काढला, दातांचं माप घेतलं आणि समोर बसून सांगितलं, "पूर्ण उपचार करायचे तर दोन वर्षं लागतील. त्यात दाढांपासून सगळी ठेवण बदलते. दुसरा मार्ग म्हणजे फक्त पुढच्या सहा दातांचं काम. दातांच्याच रंगाची बटणं चिकटवायची, त्यातून बारीक तार ओवायची, दर महिन्याला ती कसायची. सहा-आठ महिन्यांत दात ओळीत येतील. पण बाई, मागच्या दाढा आहेत तशाच राहतील. दात थोडे पुढे दिसतीलच. आणि तुमच्या वयाला मी घाई करणार नाही, हिरड्या सांभाळून हळूहळू घेईन."

"आठ महिन्यांत होईल?"

"होईल."

"नक्की सांग. आठाहून जास्त माझ्याकडे नाहीत."

नसीमला वाटलं, निवृत्तीच्या समारंभासाठी म्हणताहेत. मलाही तसंच वाटलं. खाली उतरताना जिन्याच्या मधल्या वळणावर बाई थांबल्या आणि भिंतीकडे बघत बोलल्या.

"ह्यांचं विसरणं वाढलंय. चार महिन्यांपूर्वी मेंदूच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. म्हणाले, वर्षभर ओळखतील तुम्हाला, पुढचं सांगता येत नाही. मी विचारलं, वर्ष म्हणजे नेमके किती महिने? तर म्हणाले, अंदाजे."

त्या शब्दावर त्या डॉक्टरांना काहीच बोलल्या नव्हत्या.

"बत्तीस वर्षं झाली लग्नाला. ह्यांच्यासमोर मी तोंड उघडून एकदाही हसलेले नाही. पदर नाहीतर हात. एकदा हसायचंय. मी कोण, ते त्यांना कळतंय तोवर."

बाईंचे यजमान धुळे जिल्ह्यातले, वीज मंडळात वायरमन. सगळी नोकरी नरडाण्याच्या बाजूला गेली. बाईंची शाळा जळगावात. दोघांनी एकमेकांना नोकरी सोडायला लावली नाही, आणि मूलबाळ झालं नाही, त्यामुळे सक्तीने एकत्र यावं असं कारणही घडलं नाही. भाऊ शनिवारी संध्याकाळच्या गाडीने नरडाण्याहून जळगावला यायचे, सोमवारी पहाटे परत. त्यांना सगळे भाऊच म्हणायचे. दर शनिवारी बाई प्लॅटफॉर्मवर जाऊन उभ्या राहायच्या. भाऊ मोठ्याने बोलणारे, तेही अहिराणीत, आणि मोठ्याने हसणारे. उतरल्या उतरल्या म्हणायचे, "गाडीमाईन पयले तुना दात दिसतस, मंग तू दिसस!" आणि प्लॅटफॉर्मवर सगळ्यांसमोर हसायचे. बाई पदर तोंडाला लावायच्या. चिडायच्या का, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "मला बघायला सतरा जण येऊन गेले होते. सतराही जणांनी दातांचा विषय माझ्या माघारी काढला. हा अठरावा. समोरासमोर बोलला."

चौदा वर्षांच्या असताना त्यांनी वडिलांना दातांच्या डॉक्टरांकडे न्या म्हणून सांगितलं होतं. वडील म्हणाले होते, "पोरीले काय दातानं ऊस सोलायचाये?" त्यानंतर हा विषय त्यांनी कोणाकडेच काढला नाही. काढला तो त्या बुधवारी, नसीमकडे आणि मग जिन्यावर माझ्याकडे.

भाऊ निवृत्त होऊन जळगावला आले तेव्हा बाई किती खुशीत होत्या ते मी पाहिलंय. त्यांनी दोघांसाठी एक मोठा कुकर घेतला होता. इतकी वर्षं आठवड्यातले पाच दिवस एकटीपुरता भात लावायच्या. पण पहिल्याच वर्षी भाऊ दळण घेऊन निघाले आणि गिरणी न सापडता दुपारभर फिरत राहिले. मग घरातल्या दिव्यांची बटणं कुठली कुठे, हे त्यांना आठवेना. ज्या माणसाने गावंच्या गावं उजेडात आणली, तो मोरीच्या दारात उभा राहून अंधारात हाका मारायचा.

तारा लागल्या आणि बाईंच्या घरी एक वेगळीच गंमत सुरू झाली. आठवणी जात होत्या तरी भाऊंचं वायरमनपण शाबूत होतं. मी पहिल्यांदा गेले त्या रविवारी त्यांनी बाईंना खिडकीपाशी बसवलं होतं आणि बॅटरी लावून त्यांचे दात तपासत होते.

"तुनी लाईन कोनी वढी?" त्यांनी विचारलं.

"नसीमनी. माझी विद्यार्थिनी."

"ढिली शे. कसनी पडी."

आणि खरंच, चार दिवसांनी बाई गेल्या तर नसीमने तार कसली. बाईंनी हे तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "भाऊंना इथे पाठवून द्या, मला असिस्टंट हवाच आहे." बाई खुर्चीत आडव्या असतानाच हसल्या, रुमाल शोधत. तोपर्यंत सवय सुटली नव्हती.

बाई दर रविवारी सकाळी आरशासमोर बसून मुलांच्या कंपासपेटीतलं कर्कटक दातांना लावायच्या आणि मोजमाप वहीत लिहायच्या. "या पंधरवड्यात अर्धा मिलिमीटर," मला फोन करून सांगायच्या. नसीम हात जोडायची, "बाई, टोक हिरडीत घुसेल हो." पण वही थांबली नाही. त्या महिन्यांत बाई जितक्या बोलल्या तितक्या मी त्यांना आधी कधी ऐकलं नव्हतं. निवृत्तीच्या दिवशी भाऊंना शाळेत आणायचं, स्टेजवर शेजारी बसवायचं, असंही त्यांनी ठरवून टाकलं होतं.

पण आजाराला महिने मोजता येत नाहीत. संक्रांत झाली आणि भाऊ झपाट्याने उतरले. दोनदा स्टेशनवर सापडले, नरडाण्याची गाडी किती वाजता, असं हमालांना विचारत. बाईंना कधी नावाने हाक मारत, कधी आपल्या बहिणीच्या नावाने. बाईंनी नसीमला विचारलं, तार जोरात कसता येईल का. नसीम म्हणाली, "मुळं दुखावतील. नाही करणार." बाई जुन्या शिस्तीच्या, डॉक्टर झालेल्या विद्यार्थिनीचं त्यांनी ऐकलं.

मार्चच्या शेवटी बटणं निघाली. सात महिने आणि नऊ दिवस. नसीमने दातांच्या मागच्या बाजूने, बाहेरून दिसणार नाही अशी एक बारीक तार कायमची चिकटवली. "ही काढायची नाही बाई. दातांना जुनी जागा आठवत असते. आधार नसला की ते तिकडेच जायला बघतात." मग आरसा हातात दिला.

बाईंनी आरशात पाहिलं. दात अगदी सिनेमातल्यासारखे नव्हते. नसीम म्हणाली होती तसे किंचित पुढे होतेच. पण एका ओळीत होते. सहाही. बाई कितीतरी वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "माझी आई अशी दिसायची." त्यांच्या आईबद्दल मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं.

आम्ही वाटेत पेढे घेतले आणि घरी गेलो. भाऊंना सांभाळायला ठेवलेल्या मावशीने दार उघडलं. भाऊ पलंगावर बसून शर्टाची बटणं लावत-काढत होते. बाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. पदर नाही, रुमाल नाही. दोन्ही हात मोकळे. "बघा बरं," म्हणाल्या आणि हसल्या. मोकळं, सगळे दात दिसतील असं. मला माझ्या जागी उभं राहवेना इतकं ते हसू सुंदर होतं.

भाऊ घाईने उठून उभे राहिले. शर्ट नीट केला. परकी बाई घरात आल्यावर भला माणूस सावरून उभा राहतो, तसे. पलंगाजवळची खुर्ची पुढे सरकवली.

"बसा ना ताई. ती शाळामा गई शे. आते ई जाई."

बाईंचं हसू लगेच गेलं नाही. ते तोंडावरच राहिलं, काय करावं ते न कळून. मग त्या त्या खुर्चीत बसल्या. भाऊ अवघडून दाराकडे बघत राहिले, बायको कधी येते म्हणून.

निवृत्तीच्या समारंभाला बाई एकट्या आल्या. भाषण चार वाक्यांचं केलं.

एप्रिलभर भाऊ तिला शोधत होते. घरात, गच्चीवर, शेजारी. दूधवाल्याला विचारायचे, "मनी बायको दिखनी का कोठे? तिना दात पुढे शेतस." बाई तिथेच उभ्या असायच्या, दुधाचं पातेलं धरून. त्यांच्या हातचं ते जेवायचे, त्यांना औषध देऊ द्यायचे, पण 'ताई' म्हणायचे आणि 'तुम्ही' म्हणायचे. ज्या माणसाने इतकी वर्षं प्लॅटफॉर्मवर चिडवलं, त्याचं ते आदराचं बोलणं बाईंना सहन व्हायचं नाही.

मी म्हटलं, "बाई, आजार आहे हा. दात तसेच असते तरी हेच झालं असतं."

"कशावरून? दोन बदल एकाच वेळी झाले. त्यांतला कोणता कारण आणि कोणता नाही, हे तू कसं ठरवलंस?"

 नसीमलाही त्यांनी हेच विचारलं. मे महिन्याच्या भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, डोक्यावर ओला पंचा घेऊन बाई तिच्या दवाखान्यात जाऊन बसल्या. मला नसीमनेच फोन करून बोलावून घेतलं. मी पोचले तर ती भिंतीशी उभी होती आणि बाई रुग्णाच्या खुर्चीत, ताठ.

"मागची तार काढ."

"बाई, दात परत वाकडे होतील."

"त्यासाठीच काढायचीये."

"सात महिने सोसलंत तुम्ही. मी तुमच्या जबड्यावर जितकं लक्ष दिलं तितकं कोणाच्याच दिलं नसेल." नसीम म्हणाली, "आणि तरी त्यांनी नाही ओळखलं तर?"

"तर नाही. पण माझ्या बाजूने काही राहिलं असं नको." मग म्हणाल्या, "घरी ह्यांची पक्कड आहे. तू नाही काढलीस तर मी काढीन. तू काढलीस तर दात तरी शाबूत राहतील."

नसीमने माझ्याकडे पाहिलं.  आज वाटतं, मी तेव्हा काहीतरी बोलायला हवं होतं. पण काय, ते आजही सुचत नाही. नसीमने हातमोजे चढवले. तार काढायला दहा मिनिटं लागली आणि त्या दहा मिनिटांत ती तीनदा चष्मा पुसायला थांबली.

मग बाईंची वही पुन्हा सुरू झाली. तेच कर्कटक, तोच आरसा. आता आकडे उलटे जात होते. "पाव मिलिमीटर सरकला," त्या मला सांगायच्या आणि त्यांच्या आवाजात तोच उत्साह असायचा. मला ते ऐकवत नसे. शेजारच्या बायका म्हणायच्या, बाईंच्याही डोक्यावर परिणाम झाला. बाईंनी कोणाला खुलासा दिला नाही. दिवाळीपर्यंत दात जुन्या जागेच्या जवळजवळ निम्म्या वाटेवर गेले. पहिल्यासारखे नाहीतच, एक दात दुसऱ्यावर जेमतेम टेकलेला. पूर्वी मागे ढकलला गेलेला तो एकटा दात मात्र नव्या जागीच हट्टाने उभा राहिला.

भाऊंचं शोधणं पावसाळ्यातच थांबलं होतं. बोलणंही जवळजवळ संपलं. एक प्रश्न तेवढा उरला होता. मी रविवारी जायची, खाटेपाशी बसायची, की ते डोळे उघडून म्हणायचे, "जेवनी का?" दूधवाल्याला विचारायचे, इंजेक्शन द्यायला येणाऱ्या कंपाउंडरला विचारायचे, "जेवना का?" उत्तराची वाट बघायचे नाहीत. बाईंना मात्र काही विचारायचे नाहीत. त्या समोर आल्या की डोळे मिटून घ्यायचे. बाई म्हणायच्या, "औषध कडू असतं ना, मला बघितलं की तेच आठवत असेल." म्हणायच्या आणि आत जायच्या.

थंडीत त्यांच्या छातीत कफ भरला. दवाखान्यात न्यायच्या आदल्या रविवारी दुपारी आम्ही दोघी खाटेजवळ बसलो होतो. बाई उशाशी, मी त्यांच्या मागे स्टुलावर. बाई चमच्याने पाणी पाजत होत्या. भाऊंनी डोळे उघडले, जरा वेळ आमच्या दिशेने पाहिलं आणि अगदी स्पष्ट विचारलं, "जेवनी का?" बाईंचा चमचा हवेतच राहिला. "हो," त्या म्हणाल्या, "जेवले. तुम्ही?" भाऊंनी डोळे मिटले होते. बुधवारी ते गेले.

कार्य आटोपून महिना झाल्यावर मी गेले. बाईंनी घर आवरलं होतं. मोठा कुकर मोलकरणीला देऊन टाकला होता. नसीम येऊन गेल्याचं त्यांनी सांगितलं. पुन्हा तार लावू म्हणत होती, तिला नको म्हणाल्या होत्या. "आता राहू दे. जिथे आहेत तिथे बरे आहेत." त्यांच्या तोंडावर रुमाल नव्हता. तो कधी सुटला, माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

बराच वेळ आम्ही इकडचं तिकडचं बोललो. मग त्यांनी मला विचारलं, सरळ माझ्या डोळ्यांत बघून:

"त्या रविवारी आपण दोघी बसलो होतो. मी चमच्याकडे बघत होते, त्यामुळे माझं लक्ष नव्हतं. तू मागे होतीस, तुला दिसलं असेल. त्यांनी विचारलं ते कोणाकडे बघून?"

भाऊंनी बाईंच्या खांद्यावरून माझ्याकडे बघून विचारलं होतं. दर रविवारी विचारायचे तसंच.

"तुमच्याकडे," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की, बाई. तुमच्याकडेच."

"हो ना?" बाई म्हणाल्या. "मलाही तसंच वाटलं होतं." आणि ते गेल्यापासून पहिल्यांदाच त्या रडल्या, माझा हात धरून, आवाज करून, शेजारच्या घरात ऐकू जाईल असं. मी हात सोडवून घेतला नाही, आणि खरं काय ते त्यांना आजवर सांगितलेलं नाही.